विश्लेषण : ३६ + २९ = ६२ कसे? हरवलेले तीन सूर्य आणि गुरुत्वाकर्षणाचे ऊर्जेशी नाते

सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली. बेरीज ६५ व्हायला हवी होती, पण तयार झालेले कृष्णविवर भरले ६२ सूर्यांचे. उरलेल्या तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा झाली आणि ती गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वात पसरली. अशाच लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ २,६०० कोटी रुपये खर्चून ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारली जाणार आहे. ऊर्जा आणि गुरुत्वाकर्षण यांचा एकमेकांशी संबंध काय, तो सिद्ध कसा झाला आणि त्यात हिंगोलीचे काम काय असेल, याचा आढावा.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी काय घडले?

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळेत एक हलका संकेत नोंदला गेला. साधारण सात मिलिसेकंदांनी तोच संकेत सुमारे तीन हजार किलोमीटर दूर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड वेधशाळेत पोहोचला. तो जेमतेम ०.२ सेकंद टिकला. त्याची कंप्रता ३५ हर्ट्झपासून चढत २५० हर्ट्झपर्यंत गेली आणि मग तो विरला. काही महिने तपासणी करून शास्त्रज्ञांनी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथमच थेट टिपल्याचे जाहीर केले. या शोधासाठी रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरवरून आली होती. पृथ्वीवर ती पोहोचेपर्यंत इतकी क्षीण झाली होती, की वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये तिने पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. मुळात मात्र ती प्रचंड होती. सूर्य आपल्या सुमारे दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जितकी ऊर्जा बाहेर टाकेल, त्याच्या काही हजार पट ऊर्जा इथे एका सेकंदाच्याही आत बाहेर पडली. विलीनीकरणाच्या ऐन क्षणी तिचा दर दृश्य विश्वातील सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षा जास्त होता. तरीही ही घटना पूर्ण अंधारात घडली असणार. ऊर्जा बाहेर पडली ती प्रकाशातून नव्हे, तर खुद्द गुरुत्वाकर्षणातून.

शाळेत शिकवलेला संबंध कोणता?

गुरुत्वाकर्षण आणि ऊर्जा यांची पहिली ओळख बहुतेकांना ‘स्थितिज ऊर्जा’ या धड्यातून होते. वस्तू उंच नेली की तिच्यात ऊर्जा साठते, खाली आली की ती मोकळी होते. महाराष्ट्राला लागणाऱ्या विजेचा एक भाग याच नियमावर चालतो. १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पात सह्याद्रीच्या माथ्याकडचे पाणी पश्चिमेला कोकणाच्या बाजूने खाली सोडले जाते आणि त्यावर जनित्रे फिरतात. एक टन पाणी ५०० मीटर खाली आले, तर त्यातून जास्तीत जास्त सुमारे १.३६ युनिट वीज मिळू शकते.

अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीवरील २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पात हेच चक्र उलटेही फिरवता येते. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज घ्यायची.

पण ही ऊर्जा साठते कुठे? वरच्या धरणातले पाणी खालच्या पाण्यासारखेच असते. गरम नसते, वेगाने वाहत नसते. ऊर्जा एकट्या पाण्यात नसते आणि एकट्या पृथ्वीतही नसते. ती पाणी आणि पृथ्वी यांच्या जोडीत, त्यांच्यातल्या अंतराशी निगडित असते. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात या ऊर्जेचा हिशेब चोख करता येतो. मात्र तिथे गुरुत्वाकर्षण निर्माण करते ते फक्त वस्तुमान. ऊर्जा वेगळी, वस्तुमान वेगळे. ही भिंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडली.

ऊर्जेला वस्तुमान असते म्हणजे काय?

आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवले, की वस्तुमान आणि ऊर्जा या एकाच गोष्टीच्या दोन नोंदी आहेत. ‘ई बरोबर एमसी वर्ग’ या समीकरणातला प्रकाशवेगाचा वर्ग हा जणू चलनाचा विनिमय दर आहे आणि तो अवाढव्य आहे. एक ग्रॅम वस्तुमान म्हणजे सुमारे अडीच कोटी युनिट वीज. कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने सलग पावणेतेरा तास चालला, तर जितकी वीज तयार होईल तिचे ‘वजन’ साधारण एक ग्रॅम भरेल.

दर इतका मोठा असल्यामुळे रोजच्या व्यवहारात हा फरक जाणवत नाही. घाटघरचे एक टन पाणी ५०० मीटर वर चढवले आणि त्यासाठीची वीज सूर्यप्रकाशातून, म्हणजे पृथ्वीबाहेरून आली असे समजले, तर पृथ्वी आणि पाणी यांच्या एकत्रित वस्तुमानात भर पडेल ती एका मायक्रोग्रॅमच्या सुमारे विसाव्या भागाची. कोणताही तराजू ती दाखवणार नाही. सूर्याच्या बाबतीत मात्र आकडे मोठे होतात. प्रकाश आणि उष्णता बाहेर टाकताना सूर्याचे वस्तुमान दर सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी घटते.

याहून थक्क करणारे उदाहरण आपल्याच शरीरात आहे. शरीराचे जवळजवळ सगळे वस्तुमान अणुकेंद्रांतील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे असते. हे कण क्वार्कचे बनलेले असतात, पण प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याच्या आसपासच भरते. उरलेले सगळे म्हणजे क्वार्कची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाची ऊर्जा. थोडक्यात, ६० किलो वजनाच्या माणसाला वजनकाट्यावर खाली ओढणारी पृथ्वी त्यातला ५९ किलोंहून अधिक भाग ऊर्जेचाच ओढत असते.

मग प्रकाशावरही गुरुत्वाकर्षण चालते का?

ऊर्जा आणि वस्तुमान एकच असतील, तर ज्याला वस्तुमानच नाही अशा प्रकाशावरही गुरुत्वाकर्षणाचा परिणाम व्हायला हवा. २५ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धान्ताची अंतिम समीकरणे सादर केली. त्यांत एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता आहे आणि दुसऱ्या बाजूला, जिथे न्यूटनने केवळ वस्तुमान ठेवले असते तिथे, ऊर्जा, संवेग आणि दाब आहेत. वस्तुमान हा त्या ऊर्जेचा फक्त सर्वात मोठा आणि सहज दिसणारा हिस्सा.

याची पहिली मोठी परीक्षा २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात झाली. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश १.७५ विकला वळेल, असे नव्या सिद्धान्ताचे भाकीत होते. न्यूटनच्या पद्धतीने काढलेले उत्तर याच्या निम्मे होते. ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून ब्रिटिश पथकांनी घेतलेल्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनच्या बाजूने कौल दिला.

दुसरी परीक्षा हार्वर्ड विद्यापीठाच्या इमारतीतल्या साडेबावीस मीटरच्या मनोऱ्यात झाली. उंच चढणारा प्रकाश ऊर्जा गमावतो, म्हणजेच त्याची कंप्रता घटते, असे सिद्धान्त सांगतो. खाली येणाऱ्याची वाढते. रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी गॅमा किरण वापरून १९६० मध्ये हा फरक मोजून दाखवला. तो होता दशलक्ष अब्जात अवघा अडीच भाग.

स्मार्टफोनशी याचा काय संबंध?

प्रकाशाची कंप्रता हेही एक घड्याळच आहे. त्यामुळे वर चढताना ती घटते याचा अर्थ उंचावरच्या घड्याळाच्या तुलनेत जमिनीवरचे घड्याळ हळू चालते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांमधली अणुघड्याळे या कारणाने दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. उपग्रहांच्या वेगामुळे ती सात मायक्रोसेकंद मागे पडतात. उरतो ३८ मायक्रोसेकंदांचा फरक. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. जीपीएस प्रकाशाच्या प्रवासाच्या वेळेवरूनच अंतर ठरवते. म्हणून ही दुरुस्ती यंत्रणेतच बसवलेली असते. फोनवरचा नकाशा गल्ली अचूक दाखवतो त्यामागे हा हिशेब आहे.

खुद्द गुरुत्वाकर्षणाला ऊर्जा असते का?

ऊर्जा गुरुत्वाकर्षण निर्माण करते, हे मान्य. पण गुरुत्वाकर्षण स्वतः ऊर्जा वाहून नेऊ शकते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये अनेक दशके वाद होता. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइननेच १९१६ मध्ये केले आणि १९३६ मध्ये त्या अस्तित्वातच नसतील अशी शंकाही त्यानेच घेतली. या लहरी म्हणजे केवळ गणिती आभास असावा, असे अनेकांना वाटे.

१९५७ मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथे झालेल्या परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी एक साधा युक्तिवाद मांडला. एका काठीत दोन मणी ओवले आहेत आणि ते किंचित घासत सरकू शकतात अशी कल्पना करा. गुरुत्वीय लहर आली तर मणी पुढे-मागे हलतील, काठीवर घासतील आणि काठी गरम होईल. ही उष्णता आली कुठून? ती लहरीनेच आणलेली असणार. म्हणजे लहर ऊर्जा वाहून नेते.

प्रत्यक्ष पुरावा आकाशातून आला. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फेरी मारणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. त्यांतला एक पल्सार असल्याने त्याचे ठोके अचूक मोजता येत होते. वर्षानुवर्षांच्या मोजणीत दिसले, की फेरीचा काळ दर वर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो आहे. तारे हळूहळू जवळ येत आहेत, म्हणजे जोडीतून ऊर्जा गळते आहे. ही गळती गुरुत्वीय लहरींच्या भाकिताशी चपखल जुळली. १९९३ चे नोबेल या दोघांना मिळाले.

पृथ्वीही सूर्याभोवती फिरताना अशा लहरी सोडते. पण त्यांची शक्ती जेमतेम २०० वॅट आहे. घरातले दोन-तीन जुने पंखे यापेक्षा जास्त वीज खात नाहीत. म्हणूनच आपली कक्षा स्थिर वाटते.

मग ते तीन सूर्य आले कुठून?

कृष्णविवरातून काहीच बाहेर पडू शकत नाही, मग तीन सूर्यांचे वस्तुमान बाहेर आले कसे, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की कृष्णविवरांच्या आतले काहीही बाहेर आले नाही. ऊर्जा आली ती दोघांच्या जोडीतून. धरणातले पाणी जसे पृथ्वीच्या जवळ येताना ऊर्जा मोकळी करते, तशीच ही कृष्णविवरे एकमेकांकडे ‘पडताना’ ऊर्जा मोकळी करत गेली. कोयनेत ती जनित्राला मिळते, इथे अवकाश-काळातल्या लहरींना मिळाली.

ओढणारे बल दोन वस्तूंना जितके घट्ट बांधते, तितकी त्यांची एकत्रित ऊर्जा सुट्या वस्तूंच्या बेरजेपेक्षा कमी भरते. म्हणून बंधनाची ऊर्जा ऋण धरली जाते. पाणी आणि पृथ्वीच्या बाबतीत ही तूट मायक्रोग्रॅममध्येही मावत नाही. दोन कृष्णविवरांच्या बाबतीत ती एकूण वस्तुमानाच्या जवळपास पाच टक्के झाली. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम होताना एक टक्काही वस्तुमान ऊर्जेत बदलत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. अणुऊर्जेलाही मागे टाकणारी ही ऊर्जा निसर्गातल्या सर्वात दुबळ्या समजल्या जाणाऱ्या बलाने मोकळी केली.

या व्यवहाराला एक मर्यादाही आहे. कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ विलीनीकरणात घटू शकत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. पृष्ठफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फिरकीचा परिणाम बाजूला ठेवला, तर ३६ आणि २९ यांच्या वर्गांची बेरीज २,१३७ होते आणि ६२ चा वर्ग ३,८४४. वस्तुमान घटले, पण पृष्ठफळ वाढले. नियम पाळला गेला.

कोणते कोडे अजून सुटलेले नाही?

गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा नेमकी ‘इथे’ आहे असे बोट ठेवून दाखवता येत नाही. मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला वजन जाणवत नाही, म्हणजे त्याच्यापुरते त्या बिंदूवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होते. मग तिथली ऊर्जा किती म्हणायची? एकूण हिशेब लागतो, बिंदूगणिक लागत नाही.

दुसरे कोडे मोठे आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांत ऊर्जेसोबत दाबही गुरुत्वाकर्षण घडवतो. दाब पुरेसा ऋण असेल, तर परिणाम आकर्षणाऐवजी दूर ढकलण्याचा होतो. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांच्या निरीक्षणांतून १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे दिसले, तेव्हा याच गुणधर्माची ‘कृष्ण ऊर्जा’ गृहीत धरावी लागली. विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाटा तिचा मानला जातो. पण ती काय आहे, हे माहीत नाही. रिकाम्या अवकाशात पुंजभौतिकीनुसार जितकी ऊर्जा असायला हवी, तितके गुरुत्वाकर्षण तर अजिबातच दिसत नाही. दोन्हींतली तफावत कल्पनेपलीकडची आहे.

हिंगोलीतील वेधशाळा काय करणार?

२०१५ चा संकेत दोनच ठिकाणी टिपला गेल्याने तो आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे सुमारे ६०० चौरस अंशांइतक्या पट्ट्यापर्यंतच सांगता आले. एवढ्या जागेत पौर्णिमेचे तीन हजार चंद्र मावतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे विलीन झाले, तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळाही सुरू होती. तीन ठिकाणच्या नोंदींमुळे हा पट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींनी काही तासांतच ती आकाशगंगा शोधून काढली. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेल्या भारतातून आणखी एक नोंद मिळाली, तर लहरींच्या उगमाची दिशा आणखी नेमकी कळेल.

‘लायगो-इंडिया’च्या भुजाही चार किलोमीटरच्या असतील. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. त्या वेळी २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. पुण्यातील ‘आयुका’, इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग आहे. या क्षेत्रातले भारतीय काम मात्र जुने आहे. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवले होते, की धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे निनादते आणि शांत होते. बंगळुरूत बाला अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहरींच्या आकाराची किचकट गणिते केली. पुण्यात संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून असा क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या पद्धती विकसित केल्या, तेव्हा लहरी प्रत्यक्ष सापडायला अजून बराच काळ होता.

हिंगोलीच्या वेधशाळेतून वीज निर्माण होणार नाही किंवा गुरुत्वाकर्षणावर ताबाही मिळणार नाही. विलीनीकरणात किती वस्तुमान गेले, किती ऊर्जा लहरींत आली, पृष्ठफळाचा नियम पाळला गेला का आणि दूर जाणाऱ्या आकाशगंगांचे अंतर किती, याचा ताळेबंद मात्र अधिक अचूक होईल. यातला शेवटचा आकडा विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवण्यासाठी वापरता येतो आणि त्यातूनच कृष्ण ऊर्जेच्या कोड्यावर प्रकाश पडू शकतो.